टाळ्या मिळालेलं उत्तर

त्या माणसाचा मला पहिल्याच दिवशी राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. फक्त त्या रागात नंतर आणखी माणसं सामील झाली. त्यांत एक मीही आहे.

रायपूरजवळच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मी सोळा वर्षांपासून प्रयोगशाळा सांभाळते. भट्टीतून लोखंड निघालं की त्याचा तुकडा माझ्याकडे येतो. त्यात काय किती आहे ते मी तपासून सांगते, मग पुढे त्याच्या सळया होतात. गेल्या वर्षी मालकांनी कोरियाहून नवं यंत्र मागवलं आणि ते बसवून द्यायला तिकडचा एक इंजिनियर तीन महिन्यांसाठी आला. पन्नाशीचा, काटक, दाढी रोज तासलेली. मिलमध्ये इंग्रजी समजणारे बरेच होते, पण बोलायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघायचे. म्हणून मालकांनी मला सांगितलं, मैडम, इनको आप संभाल लीजिए.

त्याचं इंग्रजी यंत्रांच्या पुस्तकांतून आलेलं होतं. कृपया, जरा, जमलं तर, असे शब्द त्यात नव्हतेच. हे करा. हे करू नका. हे चूक आहे. पहिल्या सकाळी तो शेडमध्ये शिरला आणि चपला घालून तापल्या सळईजवळ उभ्या असलेल्या कामगाराकडे बोट दाखवून म्हणाला, "याला बाहेर काढा." तो कामगार वीस वर्षांपासून तिथं होता. मी हिंदीत सांगितलं की साहेब म्हणतायत, बूट घालून या. कामगारानं मान न वळवता त्याला एक सणसणीत शिवी दिली. मी इंग्रजीत सांगितलं, उद्यापासून घालून येईल.

असंच चालू राहिलं. तो म्हणे, हा मूर्खपणा आहे. मी फोरमनला सांगे, साहेब म्हणतायत, थोडं अजून लक्ष द्या. फोरमन म्हणे, इसके बाप ने सिखाया है क्या हमको. मी कोरियनला सांगे, लक्ष देतो म्हणतायत. दोन्ही बाजूंचं विष मी मधल्या मधे गिळत होते आणि वर सगळं कसं छान चाललंय म्हणून मालक खूश होते. मला मात्र घरी गेल्यावर भांडी आपटावीशी वाटायची.

जेवायला तो माझ्याच टेबलावर बसायचा. एकदा त्यानं विचारलं की तुमचा देश स्वतंत्र कधी झाला. मी सांगितलं. तो म्हणाला, आम्हीही जवळपास तेव्हाच मोकळे झालो. मग आमच्याकडे युद्ध झालं, सगळं जळलं. माझ्या वडिलांच्या लहानपणी आमचा देश तुमच्याहून गरीब होता. आज तुम्ही आमच्याकडून यंत्र घेताय. काय झालं तुमचं?

त्यानं हे हसत विचारलं असतं तर मी हसून टाळलं असतं. पण तो यंत्रातला बिघाड विचारावा तसं विचारत होता. मी म्हणाले, आमचा देश केवढा मोठा आहे, किती भाषा आहेत, इंग्रजांनी किती लुटलं. तो म्हणाला, आम्हालाही परक्यांनीच लुटलं. मी म्हणाले, आमच्याकडे लोकशाही आहे, कामं हळू होतात. तो म्हणाला, बूट घालायला लोकशाही आड येते का?

मी डबा बंद करून उठले. पुढचे चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले, आणि चारही दिवस मनात उत्तरं जुळवत होते. स्कूटर चालवताना, पोळ्या लाटताना. आमच्या आजोबांनी भंडाऱ्याकडून येऊन रेल्वेत हमाली केली. बाबा पोलादाच्या सरकारी प्लांटात वेल्डर झाले. मी एम.एस्सी. झाले. आमच्या घराला कुठून कुठवर आणलं ते या माणसाला काय माहीत, असं मी मनातल्या मनात त्याला सुनवत होते.

दीड महिन्यानंतर कामाचा आढावा घ्यायला बैठक झाली. मालक होते, मॅनेजर होते, सगळ्या विभागांचे प्रमुख होते, आम्ही वीसेक जण असू. कोरियन इंजिनियरनं यंत्राबद्दल बोलावं अशी अपेक्षा होती. त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि म्हणाला, फोटो लावा. मी लावले. पडद्यावर आमची मिल दिसू लागली. उघड्या वायरी, चपलेतले पाय, पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर, तोंडाला गमछा बांधून धुरात बसलेले कामगार. प्रत्येक फोटोवर त्याचं एकेक वाक्य. इथे माणूस मरेल. हे घाण आहे. हे तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे होतं.

लोक आधी चुळबुळले, मग कुणी तरी हसलं, मग मालकही हसले, म्हणून सगळेच हसले. त्या हसण्यानं तो भडकला असावा. त्याचा आवाज चढला नाही, पण तो पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही हसता. तुम्हा लोकांना लाज नाही. म्हणूनच तुमचा देश असा आहे."

सगळ्यांना इंग्रजी तेवढं समजलं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले.

चार दिवस जुळवलेलं सगळं माझ्या तोंडून आपोआप निघालं, आधी इंग्रजीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. मी म्हणाले, तुमच्याकडे कारखाने उभे राहिले तेव्हा वर लष्कराचं राज्य होतं. संप करणाऱ्याला तुम्ही तुरुंगात टाकत होता. पोरींना दिवसाला चौदा तास शिलाई मशीनवर बसवत होता. आमच्याकडे रिक्षावाला मंत्र्याला शिव्या देतो आणि घरी जाऊन निवांत जेवतो. आणि शेवटी म्हणाले, "आम्ही हळू चाललो, कारण आम्ही सगळ्यांना विचारत विचारत चाललो."

टाळ्या पडल्या. मालक स्वतः उठून टाळ्या वाजवत होते. कोरियन इंजिनियरनं माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "पुढचा फोटो दाखवू? अजून अकरा आहेत." मालक म्हणाले, बस बस, अब लंच करते हैं. अकरा फोटो राहून गेले.

कुणी तरी मोबाइलवर माझं बोलणं टिपून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते नागपूरच्या मावशीपर्यंत पोचलं. शेजारच्या काकूंनी जिन्यातच माझा हात धरून कौतुक केलं. ज्या फोरमननं सोळा वर्षांत माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं त्यानं नमस्कार केला. मला हे सगळं आवडत होतं, हे मी लपवणार नाही. इतकं आवडत होतं की रात्री जेवताना मी स्वतःच बाबांसमोर मोबाइल धरला.

समता कॉलोनीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. चाळीस वर्षं वेल्डिंग केल्यामुळे त्यांचे डोळे लवकर थकतात, पण त्यांनी मागच्या पडद्यावरच्या फोटोसकट पूर्ण बघितलं. मग घास चावून झाल्यावर म्हणाले, "बोलली तर मस्त. पण फोटोचं काय केलं?"

"कोणत्या फोटोचं?"

"त्यानं फोटो दाखवले न तुमाले. तू त्याच्या देशाची कुंडली मांडली. फोटोले काय उत्तर देल्लं?"

मी चिडले. म्हटलं, बाबा, तो आपल्या देशाला लाज नाही म्हणाला, आणि तुम्ही त्याची बाजू घेऊन राहिले.

बाबा म्हणाले, बाजू नाही घेऊन राहिलो. मग त्यांनी प्लांटातली गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी तिथं रशियन इंजिनियर असायचे. एकदा एकानं बाबांच्या वेल्डिंगवर हातोडा मारला, जोड उकलला आणि दुभाष्याकडून निरोप दिला की असं काम आमच्याकडे शाळेतली पोरं करतात. बाबांचं वय तेव्हा बावीस. त्यांना वाटलं, त्याच हातोड्यानं याचं डोकं फोडावं. तीन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. पण जोड त्यांनी दुसऱ्या दिवशीच पुन्हा केला. "राग त्याच्यावर होता," बाबा म्हणाले, "जोड तर माझाच होता न."

पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्येच राहिला होता. जेवण झाल्यावर बाबांनी लॅपटॉप लावायला सांगितला. मी मुकाट्यानं लावला. त्या राहिलेल्या अकरांपैकी सातवा की आठवा फोटो आमच्या चिमणीचा होता. कोरियन सकाळी चालायला जायचा तेव्हा काढलेला असावा, उजेड कोवळा होता. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. बाबा पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाले, "ह्या धुराचा रंग पाह्य. फिल्टर बंद हाये तुमचा."

"बंद कसा राहील? रोज चालू असते."

"कोण सांगते चालू असते?"

ते सांगणारी मीच होते.

भट्टीचा धूर आभाळात सोडण्याआधी कापडी पिशव्यांच्या मोठ्या पेटीतून ओढून घ्यायचा असतो, म्हणजे काळी भुकटी पिशव्यांना लागते आणि वर पांढुरकी वाफ जाते. ती ओढायला मोठा पंखा असतो. पंखा किती वेळ चालला, दाब किती होता, याचा कागद कंट्रोल रूममधून रोज माझ्या टेबलावर येतो, कारण प्रदूषणाचे कागद प्रयोगशाळेकडे असतात. त्यावर आकडे भरलेले असतात आणि खाली माझी सही असते. सोळा वर्षं मी ती सही करत आले होते. एकदाही वर चढून पंखा पाहिला नव्हता.

बाबांनी आणखी एकच विचारलं. "तू म्हणली का आमी सगळ्यायले विचारत चाललो. मंग हा धूर सोडाले कोणाले विचारलं होतं, मिलच्या भिंतीले लागून जे लोक राह्यतात त्यायले?"

दुसऱ्या दिवशी मी आधी फाइल काढली. फोटोवर तारीख होती. त्याच तारखेच्या कागदावर पंखा सकाळभर चालल्याचे आकडे होते आणि माझी गोल, शाळेतल्या बाईसारखी सही. मग मी साडीचा पदर खोचला आणि फिल्टरच्या लोखंडी शिडीनं वर गेले. वर पंख्याचा पट्टाच नव्हता. कप्पीला गंज चढला होता, म्हणजे पट्टा काल-परवा काढलेला नव्हता. पेटीचं दार उघडलं तर अर्ध्या पिशव्या गायब, नुसते तारांचे सांगाडे लटकत होते. वर काम करणारा छत्तीसगढी कामगार माझ्याकडे नवलानं पाहत होता. मी विचारलं, कधीपासून आहे हे? तो म्हणाला, साल भर तो हो गया मैडम. आपको तो पता होगा.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. ते मला लाज नाही म्हणण्यापेक्षा जास्त लागलं.

मी तशीच, हात काळे, मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर वाईट माणूस नाही, घाबरट आहे. पंख्याला वीज फार लागते, पिशव्या पुढच्या तिमाहीत येणार आहेत, असं काही तरी त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मग कागदावर आकडे कोण भरतं? तो हसला. म्हणाला, "मैडम, कल आपने इतना अच्छा जवाब दिया उसको. आज आप उसी की बोली बोल रही हैं?"

मला तिथं जो संताप आला तसा त्या कोरियनावरही आला नव्हता. काल माझ्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना पंखा बंद असल्याचं ठाऊक होतं. राहिलेले फोटो दिसू नयेत म्हणूनच त्या टाळ्या तेवढ्या जोरात पडल्या होत्या, आणि मी त्या देशासाठी पडल्या असं समजून घरी घेऊन गेले होते. मी म्हटलं, आजपासून त्या कागदावर माझी सही मिळणार नाही. तो म्हणाला, ठीक है. दुसऱ्या दिवशी कागद स्टोअरच्या बाबूकडे गेला आणि त्यानं सही केली. एवढं सोपं होतं ते. मला काढून टाकणं मात्र सोपं नव्हतं, कारण कोरियन अजून दीडेक महिना होता आणि त्याच्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मालकांना मी लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. मग मी त्या कोरियन इंजिनियरकडे गेले. मला वाटलं होतं, याच्याकडे जाताना मान खाली घालावी लागेल, पण हा माणूस लगेच लिहून देईल. मी म्हटलं, तुमच्या शेवटच्या अहवालात फिल्टरचा फोटो घाला. मालक तुमचा अहवाल टाळू शकणार नाहीत.

त्यानं थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतलं, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "ते माझ्या कामात येत नाही. माझं काम यंत्र."

मी म्हटलं, बैठकीत वीस माणसांसमोर तुम्ही आम्हाला लाज नाही म्हणालात, तेव्हा ते तुमच्या कामात येत होतं का? तो म्हणाला, ते बोलणं होतं. हे लिहिणं आहे. माझ्या कंपनीला तुमचे मालक पुढेही यंत्रं घेणारे हवे आहेत.

"म्हणजे आम्ही हसतो आणि तुम्ही बोलता. पिशव्या दोघंही लावत नाही," मी म्हणाले. त्याच्याशी मी प्रथमच असं, मधलं काही न गिळता बोलले.

त्यानं कप खाली ठेवला. मग त्याच्या त्या पुस्तकी इंग्रजीत त्यानं सांगितलं की त्याचं गाव कारखान्यांचं होतं. शाळेत शिकवायचे की धूर म्हणजे देशाची भरभराट. गावातल्या लोकांची हाडं दुखायची, आईची पण दुखायची. काही माणसांनी आवाज उठवला, त्यांना त्रास झाला, पुढे त्यांच्यामुळेच कारखान्यांना शिस्त लागली. "ते दुसरे लोक होते," तो म्हणाला. "मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. मी गप्प होतो. दुसऱ्याच्या देशात बोलणं सोपं असतं."

त्यानं हे कबूल केलं म्हणून माझा राग उतरावा अशी त्याची अपेक्षा नसावी, आणि तो उतरलाही नाही. गेला दीड महिना तो ज्या देशाची शान मला ऐकवत होता, ती त्या दुसऱ्या लोकांनी मार खाऊन मिळवली होती. आणि मी ज्या लोकशाहीच्या जोरावर त्याला गप्प केलं, ती वापरायची माझ्यावर वेळ आली तेव्हा मी सोळा वर्षं नुसती सही करत होते. आम्ही दोघं समोरासमोर बसून ज्या गोष्टींची फुशारकी मारत होतो, त्या आम्हा दोघांच्याही कमाईच्या नव्हत्या. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो.

चार दिवसांनी त्यानं अहवालाचा मसुदा मला वाचायला दिला. फिल्टरचा फोटो त्यात नव्हता. पण शेवटच्या पानावर, यंत्राच्या हमीच्या अटींमध्ये एक ओळ वाढवलेली होती. हवेतली धूळ बेअरिंगमध्ये जाते, फिल्टर बंद ठेवून यंत्र चालवल्यास हमी लागू राहणार नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे माझ्या कामात येतं."

अहवाल मालकांच्या टेबलावर गेला. दहा दिवसांत नवा पट्टा आला, नव्या पिशव्या आल्या, रायपूरबाहेरून माणसं येऊन त्या बसवून गेली. पुढच्या तिमाहीचं नाव कुणी काढलं नाही. मॅनेजर मला म्हणाला, देखिए, हो गया न आपका काम. मी सरळ प्रयोगशाळेत निघून गेले, थांबले असते तर ओरडले असते. भिंतीपलीकडच्या वस्तीतली माणसं वर्षभर ते गिळत होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. बेअरिंगचं नाव निघताच सगळं झालं.

कोरियन इंजिनियर गेला त्या दिवशी त्याला विमानतळावर सोडायला गाडीत मीच होते. त्यानं बैठकीतल्या शब्दांबद्दल माफी मागितली नाही. मीही माझ्या उत्तराबद्दल मागितली नाही. आमच्या दोघांच्याही बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. उतरताना तो म्हणाला, "बूट. त्यांना बूट द्या." आणि बॅग ओढत आत गेला.

त्यानंतर आठवड्याभरानं मी पुन्हा फिल्टरची शिडी चढले. आता मी रोजच चढते. पंखा घरघरत होता, प्लॅटफॉर्म थरथरत होता. तोच कामगार तिथं होता, तोंडाला तोच गमछा. मी त्याला विचारलं, आता बरं वाटतं का, खोकला कमी आहे का? तो म्हणाला, हव मैडम, थोड़ा कम है. मग पंख्यावर हात ठेवून, अगदी साध्या आवाजात, जणू मला नसेल माहीत म्हणून सांगावं तसं तो म्हणाला, "ए ह मसीन बर लगे हे. हमर बर नोहय." हे मशीनसाठी लावलंय. आमच्यासाठी नाही.

मी खाली उतरले आणि प्रयोगशाळेत न जाता सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. त्यानं मान वर केली आणि विचारलं, अब क्या रह गया मैडम? मी खुर्ची ओढून बसले, आणि बुटांपासून सुरुवात केली.